तपकिरी रेघा

मला घाण खपत नाही. हा माझा मोठा गुण आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो. दुबईला कामगारांच्या कॅम्पच्या खोलीत आम्ही आठ जण राहायचो. कुणी ओला टॉवेल खाटेवर टाकला की माझं डोकं फिरायचं. एका जागेला वापरलेला फडका न धुता दुसऱ्या जागेला लावलेला तर मला बघवायचाच नाही. खोलीतली पोरं पाठीमागे मला 'म्युनिसिपालिटी' म्हणत. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त आमच्या पठाणात होती.

हा पठाण आमच्या कोल्ड स्टोअरमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा आणि मी तिथला फोरमन होतो. रास अल खोरच्या गोदामांच्या रांगेत आमचं एक गोदाम. ऑगस्टमध्ये बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत उणे बावीस. मासळी, मटण, कोंबड्या, आइस्क्रीम. त्याआधी मी दोन वर्षं एका बर्फाच्या फॅक्टरीत काढली होती आणि बर्फाबद्दल मला जे काही कळत होतं ते सगळं तिथलं. चांगला बर्फ म्हणजे काचेसारखा, लादीपलीकडचा माणूस दिसला पाहिजे. मध्ये पांढरं दिसलं की गिऱ्हाईक नाक मुरडायचं. मातीचा कण दिसला तर लादी परत यायची आणि वर शिव्या मिळायच्या.

नव्वदीच्या अखेरच्या वर्षांमधली गोष्ट. एका दुपारी शारजा विमानतळावरून क्लिअरिंग एजंटची गाडी आली. आत आठ लांबट पेट्या, थर्माकोलचं जाड अस्तर असलेल्या. पठाणाने कागद वाचायला माझ्याकडे दिला आणि विचारलं, "उस्ताद, क्या माल है?"

"बर्फ," मी म्हटलं.

"बरफ? दुबई में बरफ बाहर से कौन मंगवाता है? हम तो खुद बनाता है!"

पेट्यांसोबत एक मुलगी होती. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, नाकाची सालं निघालेली, डोळ्यांभोवती गॉगलचा पांढरा पट्टा, पायात डोंगरावर घालायचे जाड बूट. माझ्याशी हिंदीत बोलली. पेट्या उतरेपर्यंत गाडीच्या मागेच उभी राहिली, ऊन डोक्यावर घेत. मग ऑफिसातल्या फोनवरून तिने घरी फोन लावला. "आई, पोचले गं दुबईला. हो, खाल्लंय. नाही, खोटं नाही सांगत."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "ताई, मराठी का तुम्ही?"

"हो. सोलापूरची."

"सोलापूरची पोरगी आणि बर्फाचा अभ्यास!"

ती हसली. हे तिला सगळेच म्हणत असणार.

तिची गोष्ट अशी होती. युरोपातल्या एका विद्यापीठात ती पीएचडी करत होती. मध्य आशियातल्या डोंगरांत एक हिमनदी आहे, तिच्यावर तंबू ठोकून तिने लागोपाठ दोन उन्हाळे काढले होते. हाताने फिरवायच्या ड्रिलने खाली खाली भोक पाडत जायचं आणि हातभर लांबीचे गोल तुकडे वर काढायचे. तेच तुकडे या पेट्यांत होते. तिथून दुबईमार्गे युरोपला जाणार होते, पण पुढचं विमान रद्द झालं आणि फ्रीझरची जागा असलेलं दुसरं विमान आठ दिवसांनी होतं. तोवर पेट्या आमच्या ताब्यात.

"दादा, हे वितळलं तर माझी दोन वर्षं गेली," ती म्हणाली. "परत जायला मला कुणी पैसे देणार नाही. आणि आठही पेट्या लागतील. एक गेली तरी खालचं सगळं बिनकामाचं होतं."

"काटा उणे बावीसच्या वर गेला तर माझं नाव बदला," मी म्हटलं. असं बोलायची मला सवय आहे.

ती रोज डेरा भागातल्या हॉटेलातून टॅक्सीने यायची, माझ्या काचेच्या केबिनमध्ये बसून तापमानाचा तक्ता बघायची आणि दिवसातून दोनदा माझं जाकीट घालून आत जायची. ते जाकीट तिच्या गुडघ्यापर्यंत यायचं. दोन दिवसांत ती आमच्या घरचीच झाली. कुणी तिच्यासाठी कॅन्टीनमधून परोठा आणायचा, कुणी जपून ठेवलेला आंबा कापायचा. पठाण तर कुठून तरी अक्रोड घेऊन आला. आम्ही सगळे बायको-पोरांपासून लांब राहणारे बाप्ये. घरातली पोरगी समोर बसून जेवते आहे, एवढं बघायला मिळालं तरी आम्हाला पुष्कळ होतं.

तिने आम्हाला एकदा नीट समजावलं. आकाशातून पडतं ते हिम, दगडासारखं घट्ट होतं तो बर्फ. तिच्याकडे होतं ते दोघांच्या मधलं. एक तरी उन्हाळा न वितळता काढलेलं, वरच्या वजनाने दाबलेलं, पण अजून बर्फ न झालेलं. आतल्या बारीक भोकांतून हवा अजून फिरत असते. तिच्या शास्त्रात त्याला फर्न म्हणतात.

"मतलब ना इधर का, ना उधर का," पठाण म्हणाला. "हमारी तरह."

सगळे हसलो. तीही हसली, पण मग बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

पाचव्या दिवशी ती विमान कंपनीच्या ऑफिसात गेली होती, आणि तेव्हाच ते झालं. मासळीची खोकी रचलेला पॅलेट काढताना फोर्कलिफ्टचा दात एका पेटीला लागला. कोपरा फुटला, झाकणाला तडा गेला. पठाण खाली उतरून कपाळाला हात लावून बसला. मी म्हटलं, घाबरू नको, मी बघतो. तिला फोन करावा हे सुचलं नाही. माझ्या गोदामातली वस्तू, मीच बघणार.

एका प्लास्टिकच्या पिशवीला भोक पडलं होतं आणि आतला तुकडा ठिकठिकाणी मोडला होता. मी बाहेर काढला आणि मला शरमच वाटली. पांढऱ्या तुकड्याच्या मधे मधे तपकिरी मातीच्या रेघा. जिथे रेघ तिथेच मोडलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी म्युनिसिपालिटीचा इन्स्पेक्टर यायचा होता. खाण्याच्या वस्तूंच्या खोलीत ही माती त्याने बघितली असती तर दंड झालाच असता. पण खरं सांगायचं तर दंडाची भीती दुय्यम होती. एवढ्या हुशार मुलीचा माल असा घाणेरडा राहावा, हे मला बघवलं नाही.

मग मी तो साफ केला. मोडलेल्या सगळ्या जागी आधी दोन्ही तोंडं पात्याने खरवडली, मग वरून पांढऱ्या फडक्याने पुसली. मऊ होतं ते, साखरेच्या खड्यासारखं सुटायचं. खरवडलेलं बादलीत टाकलं. सगळे तुकडे दुधासारखे स्वच्छ झाले तेव्हा एका नव्या आइस्क्रीमच्या खोक्यात रचले. मोठे खाली, छोटे वर, आम्ही मासळी रचतो तसे. आणि खोकं ठेवलं उणे बावीसमध्ये. मनात म्हटलं, ताई खूश होईल.

ती संध्याकाळी आली ती आनंदातच. जागा पक्की झाली होती. मी चहा मागवला आणि आता सांगतो, मग सांगतो असं करत होतो. शाबासकी जरा थाटात घ्यावी म्हणून. तेवढ्यात तीच बोलायला लागली. डिलिव्हरी नोटच्या पाठीवर तिने बॉलपेनने एक उभा खांब काढला आणि त्यात आडव्या रेघा मारल्या.

"हे बघा दादा. उन्हाळ्यात वरचं हिम थोडं वितळतं आणि वाऱ्याने वाळवंटातली धूळ येऊन त्यावर बसते. मग हिवाळा येतो, वर नवं हिम पडतं. पुढच्या उन्हाळ्यात परत धूळ. म्हणजे धुळीची एक रेघ हा एक उन्हाळा. मी दुसरं काही करत नाही, या रेघा मोजते. वरून पहिली म्हणजे गेलं वर्ष, दुसरी त्याआधीचं. मधली एक जरी चुकली ना, की तिच्या खालचं प्रत्येक वर्ष चुकलं."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

"आणि कुणी ती धूळ पुसली तर?" मी विचारलं.

ती हसली. "बर्फातली धूळ कोण पुसेल?"

मी तापमानाचा तक्ता तिच्यापुढे सरकवला, म्हटलं आज आत जायला नको, उशीर झालाय. ती टॅक्सीत बसून गेली तरी खरं सांगितलं नाही. आमच्यात राहून मराठी समजायला लागलेला पठाण सगळं ऐकत दारात उभा होता. तो म्हणाला, "बोल दो, फ्लाइट में टूटा. कौन देखा? खलास." माझ्याच मनातलं तो बोलला होता.

सकाळी कॅम्पमधून गाडी निघाली. खाडीच्या टोकाशी चिखलात रोहित पक्षी उभे होते, पोरं गाडीत पेंगत होती. मला तिचं बोलणं सारखं ऐकू येत होतं. बर्फातली धूळ कोण पुसेल? आणि मग एकदम दुसरा आवाज ऐकू आला, माझ्या मुलीचा. "बाबा, माझे हात पुसलेत तुम्ही."

ते असं झालं होतं. मी दुबईला निघालो तेव्हा मुलगी तीन महिन्यांची होती. पहिली कंपनी बंद पडली, व्हिसाच्या भानगडी झाल्या, आणि साडेतीन वर्षं मला घरी जाता आलं नाही. शेवटी गेलो तेव्हा मागच्या पडवीची भिंत बघून माझं डोकं फिरलं. पांढऱ्या चुन्यावर लाल डाग. दिवाळीला आमच्याकडे कडेला काव लावतात, ती लाल माती पोरीने भिंतीला फासली असणार, असं मी समजलो. बायको दोन दिवस माहेरी गेली होती. तिला चकित करायचं म्हणून मी माणूस बोलावला आणि भिंतीला मस्तपैकी क्रीम कलरचा ऑइलपेंट मारून घेतला. बायको परत आली, भिंतीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "छान केलंत. स्वच्छ दिसतंय." मग दोन दिवस ती फारशी बोलली नाही. प्रवासाने दमली असेल म्हणून मी सोडून दिलं. हात पुसले असं मुलगी म्हणाली तेव्हाही मी तिला उचलून हसलोच. म्हटलं, हात काय, आता भिंतच नवी झाली.

डाग म्हणजे हात होते. ओळीने होते. एका दिवाळीचा एक. आणि ते मला दाखवायला होते. दोन वर्षांपूर्वीची ती भिंत मला रास अल खोरच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा पहिल्यांदा दिसली. मला रडू आलं. शेजारच्याने विचारलं तर म्हटलं, एसी डोळ्यावर येतोय.

ताई गोदामात आली तेव्हा मी दारातच सांगून टाकलं. सगळं. फोर्कलिफ्टचंही माझ्याच अंगावर घेतलं. "ताई, मी पुसली धूळ," मी म्हटलं. "तुमचा माल चांगला दिसावा म्हणून पुसली. तुम्ही मॅनेजरला सांगा, मला शिव्या द्या, काय हवं ते करा."

तिने शिव्या दिल्या नाहीत. तिचा चेहरा मात्र पांढरा पडला. "आत चला," एवढंच म्हणाली. आत गेल्यावर मी आइस्क्रीमचं खोकं उघडलं. ती तुकड्यांकडे बघत राहिली.

"किती नीट लावलंत, दादा," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. उणे बावीसमध्ये पापण्यांवर पाणी आलं की पापण्या चिकटतात. ती बाहीने डोळे पुसत राहिली.

मग तिने विचारलं, "खरवडलेलं टाकून दिलंत?"

"नाही. कचरा गुरुवारी जातो. बादली त्या कोपऱ्यात आहे."

तिने बादली ओढली. खाली खरवडलेला चुरा होता, सगळा मिसळलेला. त्यात तिला काही मिळण्यासारखं नव्हतं. पण चुऱ्यावर फडके होते, कडक झालेले, पापडासारखे. तिने एक उचलला. त्यावर तपकिरी पट्टा. दुसरा उचलला, त्यावरही.

"हे किती आहेत?"

"पाच," मी म्हटलं. "प्रत्येक जागेला वेगळा. एका जागेला वापरलेला फडका मी दुसऱ्या जागेला लावत नाही."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "एकाला एक? नक्की?"

"ताई, खोलीतल्या पोरांना विचारा. याच्यावरूनच तर मला म्युनिसिपालिटी म्हणतात."

"आणि बादलीत टाकलेत ते क्रमाने?"

"पुसला की टाकला. पहिला सगळ्यात खाली असणार."

तिने ते फडके एकेक करून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरले आणि वर आकडे लिहिले. मग म्हणाली, "आता डोळे मिटा. तुकडा हातात घेतलात तेव्हापासून सांगा. पिशवीवरचा, वरची बाजू दाखवणारा बाण कुठे होता?"

"दाराकडे. तिकडूनच लागलो."

"म्हणजे तुम्ही वरून सुरुवात केलीत. पहिला तुकडा केवढा?"

मी डोळे मिटले. डोक्याला काही आठवत नव्हतं, पण हाताला आठवत होतं. बर्फ आम्ही बोटांनीच मोजतो. "पहिला वीतभर," मी म्हटलं. "मग रेघ, पातळ, दोऱ्याएवढी. दुसरा चार बोटं. मग जाड रेघ, ती पुसायला वेळ लागला. तिसरा मूठभर, आणि त्याच्या एका अंगाला काचेसारखा पातळ थर होता. तो मला आवडला होता. म्हटलं, एवढाच काय तो खरा बर्फ."

"काचेसारखा?" ती जवळजवळ ओरडली. "तो कडक उन्हाळा, दादा! हिम वितळून परत गोठलेलं! कुठल्या अंगाला, वर की खाली?"

"वर. जाड रेघेला लागून."

आम्ही दोघांनी ते तुकडे परत लावले, माझ्या बोटांच्या हिशोबाने. मध्येच मी अडलो की ती थांबायची, घाई करायची नाही. पठाण दार उघडून हळूच बघून गेला आणि थोड्या वेळाने आणखी एक जाकीट आणून तिच्या खांद्यावर टाकून गेला. शेवटी पाच रेघांच्या जागा तिच्या वहीत उतरल्या. त्याखाली तिने एक ओळ लिहिली आणि मला वाचून दाखवली, की या तुकड्याचा क्रम कोल्ड स्टोअरच्या फोरमनच्या आठवणीवरून लावला आहे.

"धूळ कुठून आली, तिच्यात काय होतं, हे आता या तुकड्यातून कळणार नाही," ती म्हणाली. "ते गेलं. पण मोजणी तुटली नाही. पाच वर्षं आहेत, आपापल्या जागी आहेत."

"माफ केलंत?"

"अजून राग आहे," ती खरं तेच म्हणाली. "पण तुम्ही सांगितलं नसतं तर मी आयुष्यभर चुकीचं मोजत बसले असते."

तीन दिवसांनी पेट्या विमानात चढल्या. जाताना तिने पठाणाला नमस्कार केला, मला वाकून केला. मी म्हटलं, ताई, हे उलटंच झालं. नंतर एक पत्र आलं, पीएचडी झाल्याचं. त्यात सोलापूरच्या तिच्या आईचाही एक कागद होता, पोरीला जेवू घातल्याबद्दल.

पुढच्या वर्षी मला सुट्टी मिळाली. मुलगी आता शाळेत जायला लागली होती आणि पहिले दोन दिवस माझ्यासमोर लाजत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी, ती शाळेत असताना, मी बायकोला मागच्या पडवीत बोलावलं. ऑइलपेंट अजून चकचकीत होता. कोकणातल्या पावसालाही तो दाद देत नव्हता.

"इथे हात होते ना?" मी विचारलं.

ती पदराने उगाच भिंत पुसायला लागली.

"मला माहीत नव्हतं गं. म्हणजे तिने सांगितलं होतं, पण मला कळलं नव्हतं. पहिल्या दिवाळीचा केवढा होता ते सांगशील?"

तिने माझा हात ओढून घेतला, तळवा उघडला आणि त्यावर बोट ठेवलं.

"पहिला एवढाच, या रेषेपर्यंत. मूठ उघडतच नव्हती, झोपेत उमटवला. दुसरा इथवर. तिसरा..." तिचं बोट जरा सरकलं आणि थांबलं. "तिसऱ्याचा अंगठा वाकडा आला होता. ताप होता तिला. आठ दिवस उतरला नव्हता, हात धरवत नव्हता माझ्याच्याने."

"मला कुठे लिहिलंस?"

"तुम्ही तिकडे एकटे. लिहून काय करणार होतात?"

तिला विचार करावा लागत नव्हता. तीन वर्षं ते हात ती तशीच सांभाळून होती. "चौथा इथवर," ती म्हणाली. "चांगला मोठा होता. ठसठशीत. तेव्हा ती बोलायला लागली होती. म्हणाली, आता पुढचा बाबांचा."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? तुम्ही येणार होतात ना. तुमच्या हातासाठी जागा सोडायला लावली तिने मला. चौथ्याच्या शेजारी."

"कुठे?"

तिने भिंतीवर बोट ठेवलं. तिथे क्रीम रंग होता, स्वच्छ. मी त्या जागेवर हात ठेवला. मुलगी शाळेतून येईपर्यंत मी काढला नाही.